जितकी हवा, तितकेच तेल

ललित निबंधाचा विषय कोणता असावा याविषयी आपल्याकडे काही अलिखित संकेत आहेत. पाऊस चालतो, अंगण चालते, आजोळ तर हमखास चालते. स्वयंपाकघरातली पितळी भांडी आणि माळ्यावरची जुनी पेटी यांनाही मज्जाव नाही. परंतु डिझेल गाडीच्या इंधनपंपावर कोणी लिहू म्हटले, तर त्याला वर्तमानपत्राच्या मोटार-पुरवणीचा रस्ता दाखवला जाईल. आमचे मत थोडे निराळे आहे. ज्या वस्तूने एका घरातल्या माणसांच्या जाण्यायेण्यावर, रुसव्यांवर आणि कुळाचाराइतक्या जुन्या एका प्रथेवर तीन वर्षे सत्ता गाजवली, ती वस्तू धातूची आहे आणि तिला रॉकेलासारखा वास येतो, एवढ्या कारणावरून तिला निबंधाच्या पंक्तीतून उठवणे न्यायाचे नाही. म्हणून सुज्ञ वाचकांनी थोडा वेळ बॉनेटखाली वाकण्याचे कष्ट घ्यावेत, अशी विनंती आहे.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि हाती आलेल्या रकमेतला मोठा भाग त्यांनी २००१ च्या डिसेंबरात एका उंच अंगाच्या टर्बो डिझेल गाडीत घातला. कारण अर्थात महेश्वर. आमचे पूर्वज होळकरांच्या पदरी होते. राजधानी १८१८ साली महेश्वरहून इंदूरला आली आणि तिच्या मागोमाग आमचे घरही मालव्याच्या पठारावर चढून आले. तरीही वर्षातून एकदा सहकुटुंब खाली उतरायचे, अहिल्याबाईंच्या त्या घाटावर नर्मदेत पाय बुडवायचे आणि परतायचे, हा परिपाठ कधी मोडला नाही. आजोबांच्या काळी बैलगाडी होती, वडिलांच्या काळी रोडवेजची मोटार, आणि मग दादांची गाडी आली. आमच्या वाटेवर असे दोन घाट आहेत: एक नर्मदेकाठचा, दगडी पायऱ्यांचा, दुसरा आग्रा-मुंबई रस्त्यावरचा, मानपूरच्या पुढे निमाडात उतरणारा. पहिल्यावर पुण्य लाभते, असे वहिनी म्हणत. दुसऱ्यावर गाडीची परीक्षा होते, असे दादा म्हणत.

दादा २०१७ साली गेले. त्यानंतर महेश्वरची वारी त्यांच्या पुण्यतिथीला, ऐन थंडीत, करायची असे वहिनींनी ठरवले. २०१८ साली परतीच्या चढावर गाडीने दम टाकला. जो चढ ती तिसऱ्या गियरमध्ये सहज काढत असे, तिथे दुसरा टाकूनही तिला धाप लागली. पुतण्याने इंदूरला येताच ती हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात दिली. दोन दिवसांत गाडी परत आली. ‘पिकअप वाढवून दिला आहे,’ असे सांगण्यात आले. पिकअप वाढला होता यात शंका नाही, पण सोबत एक पाहुणाही आला होता. सिग्नलवरून निघताना, वळणावरून वेग घेताना, चढाला लागताना मागून काळ्या धुराचा लोट उठे. सकाळी गाडी गल्लीतून बाहेर पडली की शेजारच्या गच्चीवरचे पापड घाईने आत जात.

पुढच्या खेपेस, २०१९ च्या आरंभी, घाट चढताना वहिनींनी पदर नाकाला लावला आणि सहज मागे वळून पाहिले. मागे एका मोटारसायकलवर नवराबायको होती आणि दोघांच्या मध्ये एक लहान मूल. आमच्या धुरात ती तिघे क्षणभर दिसेनाशी झाली. वहिनी घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर एवढेच म्हणाल्या, “ह्यांची गाडी अशी लोकांच्या लेकरांच्या तोंडावर काजळी टाकत जाणार असेल, तर मी तीत बसायची नाही. आणि विकायची म्हणाल, तर तेही करू नका.”

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत बसवले आहे, ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती. वहिनींना ती ठाऊक नव्हती, पण त्यांचा निर्णय त्या यादीपेक्षा कमी पक्का नव्हता. पुढे २०२० मध्ये वारी चुकली, २०२१ मध्ये तर करोनाचे सबळ कारण होते. पण खरे कारण घरातल्या सर्वांना माहीत होते. आणि २०२१ च्या डिसेंबरात गाडीच्या नोंदणीला वीस वर्षे पूर्ण होणार होती. दादांनी २०१६ मध्ये पाच वर्षांसाठी ती वाढवून घेतली होती. आता पुन्हा वाढवायची, तर धुराच्या तपासणीत ती उतरायला हवी. न उतरली, तर भंगाराचा रस्ता. विकू नका असे सांगणाऱ्या वहिनींना भंगाराचे काय सांगावे, हा प्रश्न होता.

येथे थोडे यंत्राविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी असते. डिझेलच्या इंजिनात ती नसते. तेथे नुसती हवा आत घेऊन इतकी दाबतात की ती दाबानेच तापते, आणि त्या तप्त हवेत अचूक क्षणी डिझेलचा फवारा उडवला की तो आपोआप पेट घेतो. हवेच्या वाटेवर बहुधा झडप नसते. इंजिन दर खेपेस पोटभर हवा घेते. चालकाच्या पायाखालची पट्टी नियमन करते ते फक्त इंधनाचे. म्हणजे इंधन किती द्यायचे आणि केव्हा द्यायचे, या दोन प्रश्नांतच डिझेल इंजिनाचा सारा संसार सामावलेला आहे. आणि त्यांची उत्तरे देण्याचे काम पंपाचे.

ही उत्तरे सहजासहजी सापडलेली नाहीत. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन जर्मनीत ऑग्सबर्ग येथे १८९७ साली यशस्वी ठरले, तेव्हा इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचे स्वतंत्र अवजड यंत्र लागे. त्यामुळे ते इंजिन कारखान्यात किंवा जहाजात बसे. रस्त्यावर धावणे त्याच्या नशिबी नव्हते. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ साली इंधनपंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले आणि डिझेल ट्रकवर चढले. १९३६ साली ते मर्सिडीझच्या मोटारगाडीत बसले. तरीही लहान गाडीसाठी तो पंप जड आणि महाग होता. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास बॉशनेच एक सुटसुटीत, फिरता, वाटप करणारा पंप काढला. जाणकार त्याला ‘व्हीई’ या दोन अक्षरांनी ओळखतात. १९७६ साली फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये तो आला आणि डिझेल मध्यमवर्गाच्या दारात उभे राहिले. आपल्याकडे पंप म्हटला की मिस्त्रींच्या तोंडी ‘मायको’ येई. १९५१ साली बंगळुरात स्थापन झालेल्या त्या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले. पण जुन्या मिस्त्रींच्या जिभेवरून मायको काही उतरला नाही.

या पंपाची करामत अशी की चार सिलिंडरांसाठी त्यात दट्ट्या एकच. तो एकाच वेळी गोलही फिरतो आणि पुढेमागेही होतो. एका फेऱ्यात चारदा पुढे सरकतो आणि प्रत्येक वेळी निराळ्या सिलिंडराच्या तोंडी घास देतो. पंगतीत एकच वाढपी चार ताटे सांभाळतो आणि एकालाही कमीजास्त वाढत नाही, तसे. इंजिन मिनिटाला चार हजार फेरे घेत असेल, तर पंप दोन हजार घेतो; म्हणजे मिनिटाला आठ हजार घास, सेकंदाला एकशे तेहतीस. आणि घास केवढा? पूर्ण जोरात असताना तीस-चाळीस घन मिलिमीटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाहूनही कमी. गाडी नुसती उभी राहून गुरगुरत असेल, तर त्याचाही पाचवा हिस्सा. दट्ट्या आणि त्याचे घर यांमधली फट दोन-तीन मायक्रॉनांची, आणि तीत वंगण म्हणून दुसरे काही नाही. जे डिझेल वाहून न्यायचे तेच वंगण. म्हणून भेसळीच्या रॉकेलाने इंजिनाआधी पंप मरतो.

आता राहिला टर्बो. स्वित्झर्लंडचे आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले ती अशी की, इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर फुकट का घालवावा? त्याच्या जोरावर एक चाक फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चाक बसवावे आणि त्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी. हवा जास्त, तर इंधन जास्त जाळता येते. इंधन जास्त, तर जोर जास्त. टर्बो लावलेले डिझेल इंजिन १९७८ साली मर्सिडीझने मोटारगाडीत आणले. परंतु या व्यवहारात एक उधारी आहे. धूर जोरात येईपर्यंत चाक फिरत नाही, आणि चाक फिरेपर्यंत जादा हवा येत नाही. पायाने पट्टी दाबली त्या क्षणी इंधन मागितले जाते. हवा मात्र मागून, सावकाश येते. त्या मधल्या काळात पंपाने मागितले तितके इंधन दिले, तर ते जळायला हवा कुठली? ते अर्धवट जळते आणि काजळी होऊन बाहेर पडते.

म्हणून टर्बोच्या पंपाच्या माथ्यावर एक टोपी असते. टोपीखाली रबराचा पातळ पडदा, ज्याला डायाफ्राम म्हणतात; पडद्याखाली स्प्रिंग; आणि पडद्याला जोडलेली, खाली निमुळती होत गेलेली एक पिन. इंजिनात हवा जिथून शिरते तिथून बोटाएवढी रबरी नळी या टोपीत येते. हवेचा दाब वाढला की तो नळीतून पडद्यावर येतो, पडदा स्प्रिंगला दाबून खाली जातो, पिनेचा निमुळता भाग खाली सरकतो आणि इंधनाची मर्यादा तेवढ्यापुरती सैल होते. हवा येण्याआधी कोणी कितीही पट्टी दाबो, ही टोपी जादा थेंब सोडत नाही. आधी हवा, मग तेल, हा तिचा नियम.

एवढे सांगून झाल्यावर मिस्त्रींकडे येऊ. इंदुरात आग्रा-मुंबई रस्त्याच्या कडेला, ट्रकांच्या वस्तीत, ‘पंप-नोझल’ अशी पाटी असलेले त्यांचे दुकान होते. वय सत्तरीकडे झुकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. सारी वस्ती त्यांना उस्ताद म्हणे, आम्हीही तसेच म्हणू लागलो. गाडी नेली तेव्हा पुतण्याने धुराची, चढाची, पिकअपची सारी हकीकत सांगितली. उस्तादांनी ती ऐकली न ऐकली असे केले, गाडी सुरू करायला लावली आणि बॉनेटवर हात ठेवून ते उभे राहिले. मग त्यांनी टोपीवरची ती रबरी नळी काढली, एका तोंडाला अंगठा लावून दुसऱ्या तोंडाने फुंकली आणि क्लिपेपाशी ती वाकवून आमच्यासमोर धरली. विणीच्या आत नखाएवढी चीर होती.

“ऊपर खबर ही नहीं पहुँच रही, भाऊसाब,” ते म्हणाले. “हवा तो आ रही है, पर पंप को बताए कौन?”

मग त्यांनी पंपाच्या मागच्या अंगाचा एक स्क्रू दाखवला. पूर्ण भाराच्या वेळी जास्तीत जास्त इंधन किती, हे ठरवणारा तो स्क्रू. कारखान्यातून येताना त्यावर सील असते, कारण तो हलवायचा नसतो. आमचे सील तुटलेले होते आणि चेकनटाच्या पुढे आटे ताजे चकाकत होते. चार वाक्यांत सारा इतिहास उलगडला. नळी तडकली, पडद्यापर्यंत दाब पोहोचेना, घाटात हवा भरपूर असूनही पंप तेल राखून ठेवू लागला, गाडीला धाप लागली. गॅरेजवाल्याने नळी पाहिली नाही, मागचा स्क्रू आवळला. त्याने इंधन वाढले, पण टोपीला विचारून नव्हे, तर सरसकट, सर्व वेळी. जिथे हवा होती तिथे जोर आला; जिथे नव्हती तिथे धूर. तो स्क्रू आवळला की गाडी उभी असतानाचे फेरेही वाढतात. ते ध्यानी येऊ नये म्हणून आयडलचा स्क्रू सैल करून ठेवला होता. एका खोट्यासाठी दुसरे खोटे, हा न्याय यंत्रालाही चुकत नाही.

नळीची किंमत पन्नास रुपयांच्या आत होती. पण नुसती नळी बदलून भागणार नव्हते, कारण आता निरोप पोहोचला असता, तर आधीच्या जादा तेलावर आणखी तेल पडले असते. पंप उतरवावा लागला. उस्तादांच्या मागच्या खोलीत कॅलिब्रेशनचे बेंच होते: विजेच्या मोटरीवर पंप फिरवायचा, चार नोझलांतून फवारे काचेच्या चार मोजनळ्यांत पाडायचे, हजार फटके मोजायचे आणि पातळी वाचायची. टोपीला बाहेरून मोजका दाब द्यायचीही सोय होती. आधी दाब न देता मोजले. चारही नळ्यांतली पातळी उस्तादांच्या तक्त्यातल्या आकड्याच्या बरीच वर होती. वाढप्याचा हात सैल सुटला होता, पण चार ताटांत भेद नव्हता. “दट्ट्या शाबूत है,” ते म्हणाले. हे आमच्या घरासाठी त्या दिवसाचे सर्वांत मोठे वाक्य होते. कारण दट्ट्या झिजला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती.

मग तास-दीड तास तो स्क्रू सोडवणे, फिरवणे, मोजणे, पुन्हा फिरवणे चालले. एक अष्टमांश फेरा म्हणजे तिथे मोठी उडी. शून्य दाबाला पातळी तक्त्यावर आली, दाब दिल्यावरचीही आली, तेव्हा त्यांनी चेकनट बसवला आणि त्यावर नवे सील लावले. पंप गाडीवर चढवताना दट्ट्याच्या टोकाशी डायल गेज लावून, पंपाचे अंग किंचित वळवून टाइमिंग जुळवले. हे ‘केव्हा’चे उत्तर. फवारा उशिरा उडाला तर पांढरा धूर आणि मरगळ. लवकर उडाला तर खणखणाट, आणि धक्के बसतात ते इंजिनाच्या हाडांना.

पुतण्या इंजिनियर आहे. एवढे सगळे पाहिल्यावर त्याला राहवले नाही. स्क्रू इतका गुणी आहे, तर मापापेक्षा थोडा पुढे ठेवायला काय हरकत आहे? परदेशात हौशी लोक हेच करतात, असे त्याने सांगितले. उस्ताद हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, “भिया, जितनी हवा, उतना तेल. हवा बढ़ाओगे तो ठंडक कहाँ से लाओगे?”

या एका प्रश्नात जे शास्त्र आहे ते असे. पेट्रोलचे इंजिन इंधन कमी पडले की तापते. डिझेलचे इंजिन इंधन जास्त झाले की तापते. एक भाग डिझेल पूर्ण जळायला हिशेबाने साडेचौदा भाग हवा लागते. पण सिलिंडरात मिसळायला वेळ इतका थोडा असतो की अठरा-वीस भाग असल्याशिवाय धूर आवरत नाही. त्याखाली गेले की जोर थोडा वाढतो, काजळी फार वाढते, आणि टर्बोकडे जाणारा धूर सातशे अंशांच्या वर तापू लागतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. त्यांना त्या तापाची सवय नसते. मग हवा वाढवावी, तर दाबलेली हवा स्वतःच तापते, म्हणून तिला थंड करणारा इंटरकूलर मोठा हवा. हेडचे गॅस्केट तेवढे सोसणारे हवे. क्लच तेवढा हवा. जे लोक हे सारे जोडतात, धुराचे तापमान मोजणारा काटा डोळ्यांसमोर ठेवतात आणि मग स्क्रूला हात लावतात, त्यांच्या विद्येला आमचा नमस्कार आहे. पण नुसताच स्क्रू फिरवणे म्हणजे पगार न वाढता खर्च वाढवणे. आणि त्याची उधारी मागून येणाऱ्या मोटारसायकलवरच्या मुलाने फेडायची.

तरीही उस्तादांनी पुतण्याला रिकाम्या हाताने पाठवले नाही. वीस वर्षांत स्प्रिंगचा स्वभाव बदललेला असतो, तेव्हा टोपीचे शेवटचे माप बेंचवर नव्हे, घाटावर जुळते, असे ते म्हणाले आणि स्वतःच गाडीत बसले. मानपूर ओलांडून आम्ही खाली उतरलो आणि वळून चढाला लागलो. ते पुढे नव्हे, मागच्या बाकावर उलटे तोंड करून बसले होते. डोळे काचेबाहेर धुरावर, कान इंजिनाकडे. गाडी चढली, धूर नव्हता, पण खालच्या वेगात तिला किंचित सुस्ती होती. रस्त्याच्या कडेला थांबून त्यांनी पेचकसाने टोपीचे चार स्क्रू काढले, पडदा उचलला आणि स्प्रिंगखालचे दातेरी चाक दोन दात खाली फिरवले. स्प्रिंग तेवढी सैल झाली, म्हणजे हवेच्या थोड्या दाबालाही पडदा झुकू लागला. पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. आता सुस्ती गेली. पण पट्टी एकदम दाबली की करड्या धुराची एक फुंकर दिसली. त्यांनी एक दात परत घेतला. तिसऱ्या खेपेस गाडी तिसऱ्या गियरमध्ये घाट चढून गेली आणि मागच्या काचेत रस्ता, सागाची झाडे आणि मागून येणारा ट्रक स्वच्छ दिसत राहिला. पुतण्याला हवा होता तो पिकअप एका दातात होता. स्क्रूला कोणी हात लावला नाही.

त्या परतीच्या वाटेवर आमच्या मनात जे येत होते ते पंपापुरते नव्हते. मूळ मुलखापासून दूर, पिढ्यान्‌पिढ्या परभाषेच्या शेजारी राहिलेल्या आपल्यासारख्यांच्या घरांत आणि मंडळांत काही वर्षांपासून अशीच धाप ऐकू येते. बैठकीला माणसे येत नाहीत, म्हणून आपण कार्यक्रम वाढवतो. मुले मराठी वाचत नाहीत, म्हणून स्पर्धा वाढवतो, बक्षिसे वाढवतो, भाषणे तर फारच वाढवतो. मागचा स्क्रू आवळणे चालू असते. धूर होतो आणि पापड आत जातात. घरात मुलाशी रोज मराठीत बोलणारी ती बोटाएवढी नळी कुठे तडकली आहे, हे पाहायला वाकतो कोण? उत्साह कमी नाही, हवाही आहे. निरोप पोहोचत नाही. ही तुलना फार ताणू नये हे आम्हाला कळते. पण नळीची किंमत आठवली की ती मनातून जात नाही.

डिसेंबरात धुराची तपासणी झाली. त्या तपासणीची रीत आमच्या गाडीच्या दुखण्यावरच बेतलेली असावी, असे वाटते. उभ्या गाडीची पट्टी एकदम तळापर्यंत दाबतात आणि धूर किती प्रकाश अडवतो हे यंत्र मोजते. उभ्या गाडीच्या इंजिनावर भार नसतो, म्हणून टर्बोची हवा जवळजवळ येतच नाही; त्या वेळी पंप स्वतःच्या अकलेने किती राखून देतो, एवढेच दिसते. त्या पिढीच्या गाड्यांना पासष्ट हार्ट्रिज एककांपर्यंत मुभा आहे. आमचा आकडा तिच्या निम्म्याच्याही खाली आला. परिवहन कार्यालयातून पाच वर्षांची नोंदणी मिळाली. जे शहर २०१७ पासून वर्षानुवर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून गौरवले गेले, त्याच्या रस्त्यावर दादांची गाडी मान वर करून चालू लागली.

२०२२ च्या जानेवारीत वहिनी महेश्वरला गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत. परतीच्या चढावर मागे वळून त्यांनी काचेतून बराच वेळ पाहिले, मग पदर सारखा केला आणि डब्यातले तिळाचे लाडू पुढे दिले.

उस्तादांनी पुढच्याच वर्षी दुकान बंद केले. नव्या डिझेल गाड्यांत पंप निराळा. दाब कितीतरी जास्त, इंधन किती आणि केव्हा हे संगणक ठरवतो, आणि भारत स्टेज ६ चे नियम एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर त्या मापांना पेचकस पुरा पडत नाही. धुराच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, असे ते स्वतःच म्हणत. बेंच शेतीच्या ट्रॅक्टरांचे पंप करणाऱ्या एका तरुणाने नेले. प्रत्येक पंपाचा क्रमांक आणि त्याची मापे लिहिलेल्या त्यांच्या वह्याही त्याच्यासोबत गेल्या.

आमच्या पंपाचे पान मात्र त्यांनी फाडून आम्हाला दिले होते. ते गाडीच्या कप्प्यात, नोंदणीच्या कागदांसोबत असते. त्यावर पंपाचा क्रमांक आहे, चार नळ्यांचे आकडे आहेत, ‘चाक एक दात नीचे’ अशी नोंद आहे, आणि पुढे कधी गाडी ज्याच्या हाती जाईल त्या मिस्त्रीसाठी सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित केलेली सूचना आहे: ‘पहले नली देखो.’